परदेशी पीएच.डी.चा प्रवेश : कामाला साक्षीदार हवा

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)





दहावी, बारावी आणि पदवी परीक्षांत उत्तम यश मिळविलेल्या मुला-मुलींचा सत्कार आपण आत्ताच केला. त्यांच्या आई-वडिलांच्या चेहऱ्यावरील समाधान आपण सर्वांनी पाहिले. अशा दिवशी गुणांचे महत्त्व सांगावे, ही रीत आहे. परंतु संस्थेच्या चिटणीसांनी मला विषय दिला आहे तो परदेशातील उच्च शिक्षणाचा आणि त्या विषयावर खरे बोलायचे तर गुणांविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. सत्काराच्या दिवशी हे बोलतो आहे, त्याबद्दल राग मानू नये.

परदेश आणि उच्च शिक्षण हे दोन्ही शब्द फार मोठे आहेत. म्हणून मी माझे बोलणे एका गोष्टीपुरते ठेवतो. अमेरिकेतील विद्यापीठांत पीएच.डी.साठी प्रवेश देताना सर्वांत अधिक वजन कशाला असते, एवढाच आजचा प्रश्न. वैद्यकीय, कायदा किंवा व्यवस्थापन शास्त्र यांच्या प्रवेशाची रीत निराळी आहे. पैसे भरून करावयाच्या एम.एस.सारख्या पदवीची रीतही बरीच निराळी आहे. युरोपात तर अनेक देशांत पीएच.डी. म्हणजे जाहिरात पाहून अर्ज करावयाची नोकरीच असते. त्या सर्वांविषयी पुन्हा कधीतरी बोलू.

तीन समजुती

आपल्या वस्त्यांतून, वसतिगृहांतून या विषयावर चर्चा होते तेव्हा तीन समजुती हमखास ऐकू येतात. पहिली अशी, की ज्याची टक्केवारी सर्वांत जास्त त्याला प्रवेश मिळतो. दुसरी अशी, की जीआरई नावाची परीक्षा आहे, तिच्यात भरघोस गुण मिळाले म्हणजे काम फत्ते. तिसरी अशी, की हे सारे श्रीमंतांचे काम आहे, आपल्याकडे कोठून येणार एवढा पैसा?

तिसरीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत जास्त नुकसान करते. अमेरिकेतील बऱ्याच चांगल्या विद्यापीठांत, विशेषतः विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांत, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ असते आणि त्याला दरमहा निर्वाहवेतनही मिळते. त्याबदल्यात तो पदवीच्या वर्गांना शिकविण्यास मदत करतो किंवा प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतही अशी सोय पुष्कळ ठिकाणी आहे. एम.एस.ला लाखो रुपयांचे कर्ज काढावे लागते आणि पीएच.डी.ला विद्यापीठच पैसे देते, ही गोष्ट आपल्याकडील कित्येक पालकांना माहीत नसते. म्हणून 'परवडणार नाही' असे म्हणून ज्या मुलाने अर्जच केला नाही, तो कित्येकदा परवडणाऱ्या वाटेवरूनच मागे फिरलेला असतो.

आता पहिल्या दोन समजुतींकडे वळू. त्यासाठी प्रवेशाचा निर्णय कोण घेते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

निर्णय कोण घेते?

आपल्याकडे प्रवेश म्हटला की गुणवत्ता यादी डोळ्यांसमोर येते. भिंतीवर कागद लागतो, ८९.४ टक्के आत आणि ८९.३ टक्के बाहेर. अमेरिकेत पीएच.डी.ची अशी यादी नसते. ज्या विभागात शिकावयाचे त्याच विभागातील काही प्राध्यापकांची समिती अर्ज वाचते. काही विभागांत समिती एकत्रितपणे ठरविते, तर काही ठिकाणी ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करावयाचे त्याचाच शब्द शेवटचा असतो.

हे प्राध्यापक अर्ज वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारतात. ज्याचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नावर हा मुलगा किंवा ही मुलगी पाच-सहा वर्षे चिकाटीने काम करू शकेल काय?

हा प्रश्न नीट लक्षात घ्या. परीक्षेतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला माहीत असते. तीन तासांत ते उत्तर आठवून लिहिणे हे एक कौशल्य आहे. संशोधनात उत्तर कोणाजवळच नसते. प्रयोग फसतो, महिना वाया जातो, ग्रंथालयात हवा तो कागद सापडत नाही, काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. तेथे टिकून राहणे हे दुसरे कौशल्य आहे. पहिले कौशल्य असलेल्या सर्वांकडे दुसरे असतेच असे नाही. आणि गुणपत्रिका फक्त पहिल्याविषयी सांगते.

म्हणजे गुणांना किंमत नाही काय? आहे. गुण हे पहिले दार आहे. आपल्या विषयातील मुख्य पेपरांत गुण फारच कमी असतील तर अर्ज पुढे वाचला जाणे कठीण असते. परंतु एकदा त्या दारातून आत गेल्यावर ७२ टक्के आणि ७८ टक्के यांतील फरकावर निर्णय होत नाही. पहिल्या वर्षी कमी गुण असून पुढे चढते राहिले, तर तेही वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

जीआरईविषयी तर चित्र बरेच पालटले आहे. साधारण २०१८ नंतर अमेरिकेतील अनेक विज्ञान विभागांनी ही परीक्षा मागणे बंद केले आणि २०२० च्या महामारीनंतर अशा विभागांची संख्या आणखी वाढली. काही विभाग अजून ती मागतात, म्हणून प्रत्येक विभागाची सूचना स्वतंत्रपणे वाचावी. ज्या विभागाला ती नकोच आहे त्याच्यासाठी हजारो रुपये क्लासला घालविण्यात अर्थ नाही.

यामागे काही अभ्यासही आहेत. २०१७ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जीववैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पीएच.डी. कोण पूर्ण करील आणि कोण किती शोधनिबंध लिहील, याचा अंदाज जीआरईच्या गुणांवरून येत नाही, असे त्यात आढळले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील असाच दुसरा अभ्यास आला. तेथे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचे मूळ अर्ज काढून त्यांच्या पुढील संशोधनाशी ताडून पाहिले गेले. परीक्षेचे गुण जुळले नाहीत, पदवीचे गुण जुळले नाहीत, मुलाखतीतील मतही जुळले नाही. आधी किती काळ संशोधनात काढला, तो आकडाही जुळला नाही. जुळले ते एकच : शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांनी त्या विद्यार्थ्याविषयी दिलेले मत.

हे अभ्यास एकेका विद्यापीठातील, एकाच शाखेतील आणि आधीच निवडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत. म्हणून त्यांवरून सर्व जगाचा नियम काढू नये. पण जो माणूस तुमच्याबरोबर काम करीत होता त्याला तुमच्याविषयी जे कळते ते कागदावरच्या आकड्यांना कळत नाही, एवढे म्हणायला ते पुरेसे आहेत.

शिफारसपत्र म्हणजे काय?

तेव्हा आजच्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. सर्वांत महत्त्वाचे आहे ते तुम्ही केलेले काम आणि त्या कामाला जवळून पाहिलेला साक्षीदार. त्या साक्षीदाराची साक्ष म्हणजे शिफारसपत्र.

येथेच आपला विद्यार्थी मागे पडतो. बुद्धी कमी म्हणून नव्हे. शिफारसपत्र या शब्दाचा आपल्याकडील अर्थच वेगळा आहे म्हणून. आपल्याकडे शिफारस म्हणजे वशिला, नाहीतर चारित्र्याचा दाखला. 'सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात तीन वर्षे शिकत होता, तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला, त्याची वर्तणूक चांगली आहे, त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.' खाली सही आणि शिक्का. अमेरिकेतील समितीच्या दृष्टीने असे पत्र कोरे आहे. जे गुणपत्रिकेत दिसते तेच त्यात पुन्हा लिहिले आहे. किंबहुना ते नुकसानच करते, कारण वाचणारा म्हणतो, या विद्यार्थ्याला ओळखणारा एकही शिक्षक नाही काय?

याउलट चांगले पत्र कसे असते? समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण मोजले. तिचे प्राध्यापक लिहितात : 'हिने चाळीस विहिरींचे नमुने घेतले. पैकी सहा विहिरींचे आकडे शेजारच्या विहिरींशी जुळेनात. ते वगळून अहवाल पूर्ण करता आला असता. हिने तसे केले नाही. पुन्हा जाऊन नमुने घेतले, तेव्हा असे दिसले की त्यांपैकी चार विहिरी गोठ्यांच्या उताराला होत्या आणि दोन नमुन्यांच्या बाटल्या नीट धुतलेल्या नव्हत्या. दोन्ही गोष्टी हिने अहवालात लिहिल्या. गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे प्रकल्प केलेल्या विद्यार्थ्यांत ही पहिल्या दोघांत आहे.'

या पत्रात एकही मोठे विशेषण नाही. पण वाचणाऱ्याला कळते की ही मुलगी न जुळणारा आकडा लपवीत नाही, पुन्हा चालत विहिरीवर जाते आणि स्वतःच्या हातून झालेली चूक लिहून ठेवते. संशोधकाला याहून वेगळे काय लागते? आणि शेवटची तुलना पाहा. तेथील अर्जात शिफारस करणाऱ्यास बहुधा विचारलेच जाते की हा विद्यार्थी तुमच्या विद्यार्थ्यांत वरच्या किती टक्क्यांत येतो.

बहुतेक ठिकाणी अशी तीन पत्रे लागतात. ती विद्यार्थ्याच्या हाती येत नाहीत. शिक्षक ती थेट विद्यापीठाच्या संगणकीय यंत्रणेत पाठवितात. १९७४ च्या एका अमेरिकन कायद्याने तेथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपले पत्र पाहण्याचा हक्क दिला आहे. अर्जात विचारतात, हा हक्क तुम्ही सोडता काय? बहुतेक सर्वजण तो सोडतात, कारण विद्यार्थी वाचणार नाही अशा पत्रावर समितीचा विश्वास अधिक बसतो.

आणि म्हणूनच आपल्याकडील एक वाईट प्रथा सांगितली पाहिजे. शिक्षक म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्यांच्याकडे वेळ नसतो, वर्ग मोठे असतात, हे सारे खरे आहे. पण मग तिन्ही पत्रे एकाच हाताची होतात, तेच शब्द, तीच विशेषणे. शेकडो अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही. असे कोणी म्हटले तर पत्र लिहून नेऊ नका. टिपण न्या. 'सर, मी अमुक साली आपल्याकडे अमुक प्रकल्प केला, अमुक अडचण आली, ती अशी सोडविली, अहवालाची प्रत सोबत आहे.' घडलेल्या गोष्टी तुमच्या, मत त्यांचे.

एक जुने उदाहरण

शिफारस म्हणजे वशिला नव्हे, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. दरमहा साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. आपण या प्रवासाकडे नेहमी त्याग आणि कष्ट यांच्या दृष्टीने पाहतो. आज दुसऱ्या बाजूने पाहू.

कोलंबियात बाबासाहेब व्याख्याने ऐकून परत येत नव्हते. ते काम करून दाखवीत होते. १९१५ मध्ये एम.ए. झाली. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी त्यांचे काम जवळून पाहिले. आणि १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा याच सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. पुढे १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील बाबासाहेबांचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, त्याला प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच आहे.

सेलिग्मन हे बाबासाहेबांचे नातलग नव्हते, जातभाई नव्हते, देशबांधवही नव्हते. त्यांच्याकडे बाबासाहेबांचा कोणताही वशिला नव्हता. होते ते डोळ्यांसमोर झालेले काम. आपल्या माणसांना या देशात ज्या दारांवर जात विचारली गेली, तेथे कामाच्या साक्षीने एक दार उघडले. शिफारसपत्राचा खरा अर्थ हा आहे.

साक्षीदार कोठे शोधावा?

आता तुम्ही म्हणाल, सेलिग्मनसारखे प्राध्यापक आम्हाला कोठे मिळणार? आमच्या महाविद्यालयात तर प्रयोगशाळेला कुलूप असते. ही तक्रार खोटी नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती स्पष्टच बोलतो. आपल्यातील पुष्कळ मुले-मुली शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकावयास कचरतात. घरात कोणी शिकलेले नसते, बोलण्याची सवय नसते. 'सवलतीवर आलेला' हा शेरा एकदा कानांवर पडला, की मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि तीन वर्षे कोणाच्याही नजरेस पडत नाही. परीक्षेत तो पहिला येऊ शकतो. पण त्याच्या कामाचा साक्षीदार कोणी नसतो.

यावर उपाय आहे, परंतु तो शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत सुरू करून भागत नाही. दोन वर्षे आधी सुरुवात करावी लागते.

पहिल्या वर्षी एवढेच करा. ज्यांचा विषय आवडतो अशा एका शिक्षकाला तासानंतर एक खरा प्रश्न विचारा. खरा म्हणजे जो तुम्हाला पुस्तक वाचूनही सुटला नाही असा. दुसऱ्या वेळी दुसरा विचारा. बहुतेक शिक्षकांना असा विद्यार्थी क्वचित भेटतो आणि तो त्यांच्या लक्षात राहतो.

दुसऱ्या वर्षापासून काम मागा. आपल्या महाविद्यालयात मिळाले नाही तर बाहेर मागा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यात विद्यार्थ्याला देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करावयास मिळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम आहे. पुण्यात खगोलशास्त्राची आयुका आहे, आयसर आहे. यांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच निघतात. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याला ते मिळत नाहीत. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी पाहणी करणाऱ्या, जुनी कागदपत्रे जपणाऱ्या संस्थांत आणि विद्यापीठांतील विभागांत चौकशी करावी.

काम मिळाल्यावर वही ठेवा. रोज काय केले, काय फसले, का फसले असे वाटते, हे तारीख घालून लिहा. दोन महिन्यांनी निघताना चार पानांचा अहवाल त्या शास्त्रज्ञाच्या हाती द्या आणि पुढेही सहा महिन्यांनी एखादे पत्र लिहून काय चालले आहे ते कळवा. नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासात कामाचा काळ मोजून काही हाती लागले नाही, हे ध्यानात ठेवा. चार ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस जाऊन चार प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एका ठिकाणी एक प्रश्न शेवटपर्यंत नेणे शहाणपणाचे आहे.

पत्र मागताना किमान सहा आठवडे आधी मागा. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी संपते, म्हणजे ऑक्टोबरात शिक्षकांना भेटले पाहिजे. नम्रपणे विचारा, 'सर, माझ्या कामाविषयी आपण सविस्तर लिहू शकाल काय?' ते घुटमळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जा. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा तुम्हाला ओळखणारा साधा अधिव्याख्याता बरा. प्राचार्य, आमदार, संस्थाचालक यांची पत्रे तेथे कामाची नाहीत.

तुमचे स्वतःचे निवेदन

पत्रे इतरांची झाली. अर्जातील एक कागद मात्र तुमच्या हातचा असतो. त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, म्हणजे आपला हेतू सांगणारे एक-दोन पानांचे निवेदन. 'लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती' असा त्याचा आरंभ करू नका. तसे लिहिणारे असंख्य असतात. विद्यापीठाची स्तुतीही नको, आपले विद्यापीठ नामांकित आहे हे त्यांना ठाऊक असते. तीन गोष्टी लिहा. मी कोणत्या प्रश्नावर काम केले आणि त्यातून काय कळले. पुढे कोणता प्रश्न मला सोडवायचा आहे. आणि त्यासाठी हाच विभाग का, येथील कोणत्या प्राध्यापकांचे काम माझ्या प्रश्नाच्या जवळचे आहे. तिसरी गोष्ट लिहावयाची तर त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचावे लागतात. इंटरनेटवर पुष्कळ निबंध विनामूल्य मिळतात.

गरिबी, जात, गाव यांविषयी लिहावे काय, असे मुले विचारतात. तेथे आपल्यासारखे आरक्षण नाही. प्रवेशात वंशाचा विचार करण्याची जी पद्धत होती, तीही २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मात्र आपले आयुष्य आपण कसे घडविले हे अर्जदाराने सांगण्यास त्या निकालाने मनाई केलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी त्यासाठी वेगळे वैयक्तिक निवेदनच मागतात. तेथे जरूर लिहा. दयेची याचना म्हणून नव्हे, हकीकत म्हणून लिहा. 'सकाळी दूध टाकून मग प्रयोगशाळेत जात असे आणि तरीही प्रकल्प वेळेत पूर्ण केला' हे एक वाक्य पानभर दुःखापेक्षा अधिक बोलते.

हे सारे केले म्हणजे प्रवेश मिळेलच काय? तसे वचन मी देणार नाही. ज्युली पोसेल्ट या संशोधिकेने नामांकित विद्यापीठांतील दहा विभागांच्या प्रवेशप्रक्रियेचा अभ्यास करून २०१६ मध्ये एक पुस्तक लिहिले. पहिल्या चाळणीत समित्या जीआरईचे गुण आणि महाविद्यालयाचे नाव यांवर फार विसंबतात, आपल्यासारख्याच वाटणाऱ्या माणसाकडे त्यांचा कल झुकतो, असे त्यांनी दाखविले आहे. म्हणजे तेथेही सारे निर्मळ नाही. लहान गावातील महाविद्यालयाचे नाव त्या समितीने ऐकलेले नसते. म्हणूनच मी म्हणतो की आपल्या विद्यार्थ्याला साक्षीदाराची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. ज्याच्या महाविद्यालयाचे नाव बोलत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी माणसाने बोलले पाहिजे.

शिवाय काळही कठीण आहे. २०२५ साली संशोधनाच्या निधीत झालेल्या कपातीमुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेही काही आठवडे थांबले होते. तेव्हा एकाच देशावर अवलंबून राहू नका. युरोपातील आणि आपल्या देशातील उत्तम संस्थांतही अर्ज करा. तेथेही विचारले जाते ते हेच : काय काम केले आणि ते कोणी पाहिले?

संस्थेने काय करावे?

शेवटी दोन शब्द संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांसाठी. आपण दरवर्षी सत्कार करतो, वह्या-पुस्तके वाटतो, शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरून देतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांची माहिती मुलांपर्यंत पोहोचविणे हे मोठे काम आहे आणि ते चालू राहावे. पण शिष्यवृत्ती पैसा देते. प्रवेश ज्याचा त्याने मिळवावा लागतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या सभासदांत आणि त्यांच्या ओळखीत जे प्राध्यापक, शास्त्रज्ञ, अभियंते, ग्रंथपाल आहेत त्यांची एक यादी करावी आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षातील प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याला त्यांच्यापैकी एकाशी जोडून द्यावे. त्यांनी पत्र लिहावे म्हणून नव्हे. काम कोठे मागावे, अर्ज कसा करावा, दार कसे ठोठवावे, हे सांगण्यासाठी. दुसरी, प्रत्येक अर्जामागे विद्यापीठे साधारण ७५ ते १२५ डॉलर फी घेतात. सात-आठ अर्ज म्हटले की मजुराच्या घरात ती रक्कम फार होते. काही विद्यापीठे विनंतीवरून फी माफ करतात, तेथे मुलांना विनंती करावयास लावावी आणि उरलेल्यासाठी संस्थेने एक छोटा निधी बाजूला ठेवावा. तिसरी, नोव्हेंबर महिन्यात दोन रविवार संस्थेच्या सभागृहात बसून ज्येष्ठांनी मुलांची निवेदने वाचावीत आणि जे कळले नाही त्याखाली रेघ ओढावी. त्यासाठी फार इंग्रजी येण्याची गरज नाही. 'हे तू नक्की काय केलेस?' एवढा प्रश्न विचारता आला की पुरे.

विद्यार्थी मित्रांनो, निकाल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये कळतात आणि आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर निर्णय घेण्यास तेथील बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. तेव्हा घाईने कोणाला होकार देऊ नका, मिळालेल्या प्रस्तावांची शांतपणे तुलना करा. नकार आला तरी तो तुमच्या बुद्धीवरचा निकाल समजू नका. जागा थोड्या असतात आणि चांगले अर्ज त्याहून पुष्कळ असतात. केलेले काम मात्र वाया जात नाही. ते पुढच्या अर्जात, पुढच्या नोकरीत तुमच्याबरोबर येते.

आज तुमच्या हाती गुणगौरवाचे प्रमाणपत्र आहे. ते घरी जपून ठेवा, आई-वडिलांना त्याचा आनंद घेऊ द्या. आणि सोमवारी महाविद्यालयात गेलात की पहिल्या बाकावर बसा, तास संपल्यावर थांबा आणि तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न घेऊन सरांसमोर किंवा बाईंसमोर उभे राहा.



जयभीम! जय भारत!